आयोवातला पाऊस, आपल्या सोयाबीनचा भाव
अमेरिकेतलं आयोवा राज्य मिसिसिपी आणि मिसुरी नद्यांच्या मधोमध. काळी सुपीक जमीन, पण हिवाळ्यात बर्फ, म्हणून मका-सोयाबीनचं वर्षाला एकच पीक. मक्यात ते देशात पहिलं.
ऑगस्टमध्ये शेंगा भरताना तिथं पावसानं ओढ दिली, की शिकागोच्या वायदे बाजारात सोयाबीन चढतं. चांगला झाला, की उतरतं. आयात तेलाच्या दरातून ती झळ लातूरपर्यंत पोचते.
त्यांची काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपलीही त्याच सुमारास. म्हणून सगळा माल एकदम विकू नका. ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आणा, गरजेपुरता विका, बाकीच्यासाठी शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. भाव वाढेलच असं नाही, पण घाईत विकायची वेळ तरी येणार नाही.