एका नावाच्या दोन टेकड्या

अडवाच्या विजयदिनाला इथिओपियात घोडेस्वार ढाली-भाले घेऊन रस्त्यावर उतरतात. ती छायाचित्रं यंदाही मोबाइलवर फिरली. १ मार्च १८९६ रोजी सम्राट मेनेलिकने इटलीला धूळ चारली, हे आता सर्वांना पाठ आहे. मला कुतूहल आहे ते हरलेल्या जनरल ओरेस्ते बाराटिएरीचं.

१८६० साली गॅरिबाल्डीबरोबर निघालेल्या हजार जणांतला हा एक. म्हणजे स्वतःच्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढलेला. तोच पुढे इटलीच्या एरिट्रिया वसाहतीचा गव्हर्नर झाला. १८९४ मध्ये त्याने कसाला शहर घेतलं आणि वर्षभराने रोममध्ये त्याचा जयजयकार झाला. डोक्यात हवा जायला एवढं पुरतं.

अडवासमोर तळ पडला तेव्हा मात्र तो भानावर होता. आपली माणसं सतराएक हजार, शिधा संपत आलेला. समोर लाखाच्या घरातली फौज. पण एवढ्या तोंडांना दाणागोटा पुरवता पुरवता मेनेलिकही टेकीला आलेला. जो दम धरेल तो तरेल, असा मामला. बाराटिएरी माघारी फिरायच्या विचारात होता. तेवढ्यात पंतप्रधान क्रिस्पीची तार आली: हे युद्ध नव्हे, क्षयरोग आहे. हाताखालच्या सेनानींनीही चढाईचाच हट्ट धरला.

रात्री तुकड्या निघाल्या. त्या सेनानींपैकी आल्बेर्तोनेने ‘किदाने मेरेत’ टेकडीवर थांबायचं होतं. नकाशा कसला, कच्चं रेखाटनच ते. त्यात दाखवलेल्या जागी तो पोचलाही. वाटाड्या म्हणाला, ही नव्हे, खरी किदाने मेरेत पुढे आहे. आपल्याकडे वडगाव म्हटलं तर मावळ, शेरी की बुद्रुक, हे विचारल्याशिवाय रिक्षावाला मीटर टाकत नाही. आल्बेर्तोने मात्र कित्येक मैल पुढे गेला आणि पहाटे एकटाच सापडला. मग बाकीच्या तुकड्याही सुट्या सुट्या कापल्या गेल्या.

म्हणून सगळं खापर नकाशावर फोडू नये. मेनेलिकने वर्षानुवर्षं बंदुका जमवल्या होत्या, त्यातल्या काही खुद्द इटलीच्याच. मेकेलेच्या किल्ल्याचं पाणी तोडून सम्राज्ञी तायतूने जानेवारीतच इटालियनांना जेरीस आणलं होतं.

असमारातल्या लष्करी न्यायालयाने बाराटिएरीला निर्दोष सोडलं. पण इतक्या तोकड्या कुवतीच्या माणसाकडे फौज सोपवल्याची खंतही निकालात नोंदवली. क्रिस्पी तोवर राजीनामा देऊन मोकळा झाला होता. बाराटिएरीच्या जागी जनरल बाल्दिसेराची नेमणूक तर लढाईच्या आठवडाभर आधीच झाली होती. बाराटिएरीला तेवढं कळवलं नव्हतं.