पोट छोटं झालं, पण ताटाचं काय?

वजन कमी करण्याचं ऑपरेशन दीड-दोन तासांत होतं. ‘आता पोट भरलं’ हे नव्याने ओळखायला मात्र कित्येक महिने लागतात. त्या शिकवणीत घरातल्या तुमचाही वाटा असतो.

रील तुम्ही पाहिलेलंच असेल. डावीकडे जुना फोटो, उजवीकडे नवा, मधे एक बाण आणि मागे दणदणीत गाणं. खाली कमेंट्सचा पाऊस. ‘भारी!’, ‘कसं केलं?’, ‘कितीला पडलं?’ त्या दोन फोटोंच्या मधे वर्षभराची ताटं असतात, रोज तीन-चार वेळा वाढलेली. ती काही रीलमध्ये दिसत नाहीत.

आपल्या नंदुरबारमध्ये हा विषय काढला की लोक जरा चमकतात. धडगाव, अक्कलकुव्याचं नाव पेपरात आलं की सोबत कुपोषणाची बातमी असते, आणि इथे वजन कमी करायच्या ऑपरेशनची चर्चा कशाला? पण एकाच जिल्ह्यात, कधी एकाच गल्लीत, दोन्ही गोष्टी असू शकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या साधारण २४ टक्के महिला आणि २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. म्हणजे दर चार जणांत जवळपास एक. त्यातल्या मोजक्यांना डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. आणि मग सुरत, नाशिक किंवा मुंबई गाठून, ऑपरेशन करून माणूस घरी येतो. डॉक्टर शेकडो किलोमीटर लांब राहतात. जवळ असता तुम्ही, तुमची आई, आजी आणि शेजारच्या मावशी.

पोटात नेमकं काय बदलतं?

सध्या जास्त होणारं ऑपरेशन म्हणजे ‘स्लीव्ह’. त्यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्यासारखी लांबट नळी. एरवी आपल्या जठरात लिटरभर, कधी त्याहूनही जास्त मावतं. या नळीत सुरुवातीला मावतं १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे एक छोटी वाटी. दुसरा प्रकार ‘बायपास’. त्यात वरच्या बाजूला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अमेरिकेत डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत सुरू केली.

स्लीव्हमध्ये आणखी एक गोष्ट घडते. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं ‘घ्रेलिन’ नावाचं संप्रेरक आहे. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ मध्ये शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि नेमका तोच भाग ऑपरेशनमध्ये जातो. त्यामुळे पहिले काही महिने भूकच फारशी लागत नाही. ऐकायला मस्त वाटतं ना? पण भूक लागत नाही आणि पोट कधी भरलं तेही कळत नाही, अशा अवस्थेत जेवायला बसून बघा. गाडीचा इंधनकाटा बंद पडल्यासारखंच होतं ते!

डोळ्यांचं ऑपरेशन होत नाही

पोट छोटं झालं तरी डोळे जुनेच असतात. हात जुना, घासाचा आकार जुना, जेवणाचा वेगही जुनाच. वीस-पंचवीस वर्षांची सवय म्हणते, ‘दोन भाकरी म्हणजे जेवण.’ नवं पोट म्हणतं, ‘चार चमचे झाले, बास.’ या भांडणात पहिले काही आठवडे हमखास डोळे जिंकतात आणि त्याची शिक्षा पोट भोगतं. छातीच्या हाडामागे गच्च दाटल्यासारखं होतं, तोंडाला पाणी सुटतं, मळमळतं आणि खाल्लेलं वर येतं.

आपल्याला पोट भरल्याचं कळतं ते दोन वाटांनी. जठर ताणलं गेलं की नसांमधून मेंदूला निरोप जातो, आणि अन्न आतड्यात पोचलं की तिथली संप्रेरकं दुसरा निरोप धाडतात. या सगळ्याला १५-२० मिनिटं लागतात. आपलं जेवण मात्र सात-आठ मिनिटांत उरकलेलं असतं. मोठ्या जठरात ही गडबड खपून जाते. छोटी वाटी झाल्यावर दोन घासांचाही फरक पडतो.

मग ओळखायचं कसं?

ऑपरेशन झालेल्यांना आहारतज्ज्ञ एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात : ‘फुल्ल’ होईपर्यंत थांबायचं नाही, त्याच्या आधीची खूण शोधायची. ही खूण प्रत्येकाची वेगळी. कुणाला एक उचकी येते, कुणाचं नाक अचानक गळायला लागतं, कुणाला शिंक येते, तर कुणी नकळत खोल उसासा टाकतं. काहींना छातीच्या खाली हलका दाब जाणवतो. ती खूण आली की घास खाली ठेवायचा. ‘एवढा एकच संपवतो’ म्हटलं की संपलंच!

खूण ऐकू यायला जेवण शांत लागतं. मोबाइल बाजूला, टीव्ही बंद. घास बोराएवढा, तो अगदी पातळ होईपर्यंत चावायचा, मग चमचा खाली ठेवून थोडं थांबायचं. एक जेवण २०-३० मिनिटं चालतं. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवल्यावरही अर्धा तास नाही. छोट्या पोटातली जागा पाण्याने अडते किंवा अन्न पुढे लवकर ढकललं जातं, आणि दोन्हीकडून अंदाज चुकतो. पाणी मग दिवसभर घोट घोट प्यायचं, दीड ते दोन लिटरपर्यंत.

जुन्या लोकांनाही पोटाच्या जागेचं हे गणित माहीत होतं. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्यासाठी मोकळा ठेवायला सांगितलंय. ऑपरेशननंतर पाण्याचा भाग जेवणातून वेगळा काढावा लागतो, एवढाच फरक.

वाटी, चमचा आणि ६० ग्रॅम

अंदाज येईपर्यंत मोजूनच खावं लागतं. साधारण पहिले दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ, मग घोटलेलं, मग मऊ आणि दीड-दोन महिन्यांनी घट्ट अन्न, असा क्रम असतो. नेमके दिवस ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवतात. ताटाच्या जागी छोटी बशी आणि मोठ्या चमच्याऐवजी चहाचा चमचा येतो.

आता खरा पेच बघा. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे नुसत्या अंड्यांवर भागवायचं तर दहा अंडी! आणि जागा एका वाटीची. म्हणून घास आधी प्रथिनांचा : अंडं, पनीर, दही, मासे, घट्ट वरण. आपल्या नवापूरच्या तूरडाळीला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, ती इथे अगदी कामाची. सुरुवातीला नुसत्या जेवणातून हिशोब बसत नाही, म्हणून डॉक्टर प्रथिनांची पावडर देतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या तर कायमच्या असतात.

शेव सोपी, भाकरी अवघड

इथे एक गंमत आहे आणि धोकाही. कोरडी भाकरी, बट्टी, चिकट भात सुरुवातीला घशाखाली अडकल्यासारखे होतात. वाटीभर शेव, बिस्किटं, आइस्क्रीम मात्र सहज उतरतं. चावलं की विरघळतं, नळीतून घसरून पुढे जातं, पोट ताणलंच जात नाही आणि भरल्याची खूण येतच नाही. त्यामुळे ‘मला फक्त हेच पचतं’ असं म्हणत माणूस दिवसभर थोडं थोडं चरत राहतो. गोड जास्त झालं, तर विशेषतः बायपासनंतर, घाम, धडधड, चक्कर, जुलाब असा त्रास होतो. त्याला ‘डम्पिंग’ म्हणतात. आणि मिरच्यांच्या पथाऱ्या पाहत वाढलेल्या नंदुरबारकरांना सांगायला जड जातं, पण ठेचा आणि झणझणीत शेवभाजीलाही काही महिने लांबूनच नमस्कार.

पहिल्या वर्षात पोटच तुम्हाला थांबवतं. पुढे भूक हळूहळू परतते, नळीही थोडी सैल होते, आणि दीड-दोन वर्षांनी काहींचं वजन पुन्हा चढायला लागतं. तेव्हा उपयोगी पडते ती या काळात लागलेली सवय : सावकाश खाणं, खूण ओळखणं, भूक आहे की नुसता कंटाळा हे स्वतःला विचारणं. म्हणून पहिले महिने म्हणजे शाळा. ती बुडवली तर पुढची परीक्षा अवघड जाते.

‘ले ना, आखो थोडं!’

या शाळेत सगळ्यात मोठा अडथळा कोणता? आपलं प्रेम! खान्देशात पाहुणा ‘बास’ म्हणाला की वाढणाऱ्याला ते ऐकूच येत नाही. लग्नात, मांडे केले त्या दिवशी, आखाजीला, ‘एवढ्याने काय होतं?’ म्हणत ताटात पडतंच. ऑपरेशन झालेल्या माणसाला त्या एका चमच्याने उलटी होऊ शकते. तो नाही म्हणाला तर ‘मोठा झालाय आता’ असं ऐकावं लागतं, आणि खाल्लं तर न्हाणीघरात पळावं लागतं. मग तो चारचौघांत जेवायचंच टाळायला लागतो.

भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये हे ऑपरेशन करून घेतलं. खाण्याचे शौकीन म्हणून ते आजही ओळखले जातात. म्हणजे चवीवरचं प्रेम सोडावं लागत नाही, माप बदलावं लागतं. आणि ते माप ज्याच्या पोटाचं आहे, त्यानेच ठरवायचं.

आता तुमच्याबद्दल. रील बघून ‘आपणही करावं का?’ असं मनात आलं असेल, तर एक लक्षात ठेवा. हे चार-आठ किलो उतरवायचं साधन नाही. २०२२च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार बीएमआय ३५च्या वर असेल, किंवा ३०च्या वर असून मधुमेहासारखा आजार असेल, तर याचा विचार होतो. आशियाई लोकांसाठी हे आकडे थोडे खाली धरतात. ५ फूट ५ इंच उंचीच्या माणसाचा बीएमआय ३५ व्हायला वजन ९५ किलोच्या आसपास लागतं. आणि ऑपरेशन न झालेल्या धडधाकट पोराने चार चमच्यांवर जगून बघणं हा तर शुद्ध वेडेपणा. तुमचं पोट पूर्ण आहे, त्याला पूर्ण जेवण द्या. उचलायचंच असेल तर एवढं उचला : मोबाइल बाजूला ठेवून, सावकाश, भरल्याची खूण येईपर्यंत.

घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर…

- ताट वाढून देऊ नका. त्यांना स्वतः वाढून घेऊ द्या.
- ‘एवढंच?’ हा शब्द घरातून हद्दपार करा.
- त्यांच्यासोबत बसून तुम्हीही सावकाश जेवा. एकट्याने अर्धा तास चावत बसणं अवघड असतं.
- आजीला आणि पाहुण्यांना समजावायचं काम तुमचं. त्यांनी प्रत्येक वेळी खुलासा कशाला द्यायचा?
- पार्टीत दारूचा आग्रह अजिबात नको. या ऑपरेशननंतर ती फार लवकर चढते. कोल्ड्रिंकचा गॅसही त्रास देतो.
- अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणून देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.
- उलट्या थांबत नसतील, पाणीही टिकत नसेल, पोटात जोरात दुखत असेल, ताप किंवा धडधड असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना लगेच फोन लावा आणि जवळचं हॉस्पिटल गाठा. तो नंबर आजच तुमच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.