वीतभर नळी आणि इंजिनाचं आयुष्य
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रिमोटवर पळणाऱ्या छोट्या मोटारींत एक जात बॅटरीवरची आणि दुसरी खऱ्याखुऱ्या इंजिनाची. ही दुसरी कर्कश ओरडते, धूर सोडते आणि मुलांइतकंच वडिलांनाही वेड लावते. नवी गाडी घेतलेली मंडळी मला इंजिनाची ताकद विचारतात, टायर विचारतात. नळ्यांबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून आज त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

आधी इंधन पाहू. नाव नायट्रो असलं तरी त्यात सहसा सर्वांत मोठा वाटा मिथेनॉलचा असतो. नायट्रोमिथेन साधारण १६ ते ३० टक्के आणि बाकी वंगण. इंजिन टू-स्ट्रोक, त्यात वेगळं ऑइल भरायची सोय नाही. म्हणजे इंधन कमी पोचलं की तेलही कमी पोचतं, आणि मिथेनॉलची वाफ होताना मिळणारा गारवाही घटतो. गंमत अशी, की अशा उपाशी इंजिनावर गाडी थोडा वेळ जास्तच जोरात पळते. मालक खूश होतो आणि आत पिस्टन घासला जात असतो.

या गाड्यांत इंधनाला सहसा पंप नसतो. सायलेन्सरमधून एक नळी टाकीच्या वरच्या भागात जाते. धुराचा दाब टाकीतल्या इंधनाला ढकलतो. दुसरी नळी टाकीच्या तळातलं इंधन कार्ब्युरेटरला देते. पहिली गळली तर दाब पडतो, दुसरी गळली तर हवा शिरते. दोन्हींचा परिणाम एकच : इंजिन उपाशी.

नळी सिलिकॉनचीच घ्यावी, शक्यतो पारदर्शक, म्हणजे आतले बुडबुडे दिसतात. धारदार पात्यानं ती सरळ कापा. टोकाला इंधनाचा थेंब लावून बोटांनी पूर्ण आत सरकवा. पक्कड लावली तर नळी चिरते. इंधनाची नळी आखूड ठेवा, पण ताणलेली नको. टाकी हादरते तेव्हा थोडी ढील लागते. वळण गोलसर द्या, मुडपू देऊ नका. इंजिनाचा तापलेला माथा, सायलेन्सर, फ्लायव्हील आणि ब्रेकची चकती यांच्यापासून ती दूर न्या. मधे गाळणी बसवलीत तर तिचे दोन्ही सांधे तपासा.

शंका आली तर टाकी काढून रिकामी करा. एक तोंड बंद करून टाकी पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या तोंडातून स्वच्छ नळीनं हवा भरा. बुडबुडे निघाले, की गळती सापडली. टाकीच्या झाकणाचं रबरी वायसरही असंच तपासावं. गाडी उभी असताना इंजिनाचा वेग आपोआप वाढू लागला, किंवा धुराची रेघ नाहीशी झाली, तर सुईचा स्क्रू फिरवण्याआधी नळ्या पाहा. गळती तशीच ठेवून केलेली जुळणी पाच मिनिटंही टिकत नाही.

आठास-एक मापाच्या शर्यती गाड्यांना टाकीची मर्यादा सहसा १२५ घनसेंटीमीटर असते, आणि त्यात नळी व गाळणीही धरतात. म्हणून तिथे नळीचा एकेक सेंटिमीटर मोजला जातो.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. या गाडीत पेट्रोल घालू नये. त्यानं सिलिकॉन फुगतं. आणि मिथेनॉल विषारी आहे, त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही. नळ्यांचं काम मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना करा आणि डबा मुलांच्या हाती लागू देऊ नका.

खेळ संपला की टाकी रिकामी करा आणि नळीत उरलेलं इंधन इंजिन चालवून संपवा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि बेअरिंगला गंज चढतो. मग नळी बोटांत धरून सगळीकडून वाकवून पाहा. चीर दिसली, कडकपणा जाणवला, की ती बदला. वीतभर नळी स्वस्त असते. पिस्टन आणि स्लीव्हची जोडी नसते.