भूक पोटाची की मेंदूची?

भगवान बुद्ध आळवी नगरीत धम्मदेशनेसाठी गेले, तेव्हा हरवलेला बैल शोधून थकलेला एक गरीब शेतकरी उपाशीपोटीच तेथे आला. भगवंतांनी त्याला आधी जेवू घालण्यास सांगितले आणि मगच देशना दिली. उपाशी माणसाचे चित्त उपदेशात रमत नाही, हे त्यांनी जाणले होते. असे का होते, ते आजचे शास्त्र सांगते.

भूक पोटात जाणवली तरी तिचा कारभार मेंदू पाहतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. जठर रिकामे झाले की त्यातून घ्रेलिन हे संप्रेरक रक्तात उतरते आणि 'जेवण हवे' असा निरोप मेंदूला देते. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधले. जेवू लागल्यावर आतड्यांतून 'आता पुरे' असा निरोप निघतो, पण तो पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. म्हणून भरभर जेवणारा गरजेपेक्षा जास्त जेवतो.

तिसरा निरोप्या लेप्टिन. न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांनी १९९४ साली त्याचा शोध लावला. ते शरीरातल्या चरबीतून निघते. चरबी वाढली की लेप्टिन वाढते आणि भूक आवरली जावी, अशी निसर्गाची योजना आहे. परंतु लठ्ठ माणसाचा मेंदू बहुधा हा निरोप मानेनासा होतो. उलट वजन उतरू लागले की लेप्टिन घटते आणि भूक खवळते. तेव्हा लठ्ठ माय-भगिनीला 'खादाड' म्हणून हिणवणे हा अन्याय आहे.

हे सुखवस्तू लोकांचे दुखणे, डहाणू-तलासरीशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. येथली कितीतरी आदिवासी कुटुंबे भातकापणी उरकली की वीटभट्ट्यांवर जातात. येथे प्रश्न कुपोषणाचा आहे. पण संबंध आहे, आणि तो आईच्या पोटापासून आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्माचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुणे आणि लंडन येथील बाळांच्या दुसऱ्या एका तुलनेत, पुण्याची बाळे लहान असूनही त्यांच्या नाळेच्या रक्तातील लेप्टिन लंडनच्या गोऱ्या बाळांइतकेच आढळले आणि इन्सुलिन अधिक. म्हणजे दिसायला काटकुळे मूलही आतून चरबी राखून असते. पुढे त्याच्या वाट्याला सकस अन्नाऐवजी साखर आणि तळलेली पाकिटे आली, तर मधुमेह त्याला लवकर गाठतो. अशी पाकिटे आता पाड्यावरच्या दुकानातही टांगलेली दिसतात.

म्हणून उपासमार आणि लठ्ठपणा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. दोन्हींवरचा पहिला उपाय आईच्या ताटात आहे. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना शासनाने २०१५ साली सुरू केली. ते जेवण प्रत्येक पाड्यावर वेळेवर आणि पुरेसे मिळते की नाही, हे आम्हा कार्यकर्त्यांनी पाहिले पाहिजे. घरी नाचणीची भाकरी, डाळ, पालेभाजी, जमेल तेव्हा अंडे-मासळी असावी. सावकाश जेवावे, पुरेशी झोप घ्यावी. पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर साखर तपासून घ्यावी.

कोसलनरेश पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकत भगवंतांकडे येई. भगवंतांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्यास सांगितले. तो उपदेश रोज जेवताना ऐकवण्यासाठी राजाने सुदर्शन नावाचा तरुण नेमला आणि हळूहळू त्याचा आहार बेताचा झाला. राजाला संयम सांगितला, शेतकऱ्याला मात्र आधी अन्न दिले. समाजात काम करताना हा क्रम आपण विसरता कामा नये.