अंगावर लिहिलेला राम

वाचकहो, घरात सत्तरी ओलांडलेली आजी असेल तर तिच्या हाताकडे एकदा निवांत पाहा. मनगटावर तुळस, त्याखाली ठिपक्यांची रांग, कपाळावर नाहीतर हनुवटीवर एक हिरवा ठिपका दिसेल. दागिने चोर नेईल, लुगडे विरून जाईल, पण गोंदण मेल्यावरही बरोबर येते, अशी आपल्याकडच्या बायकांची जुनी समजूत. ज्या घरात सोन्याची फुली नव्हती, त्या घरच्या लेकीलाही हा दागिना परवडत असे.

हेच गोंदण एका समाजाने अगदी वेगळ्या कामासाठी वापरले. देवळाच्या दाराशी अडवणाऱ्यांना उत्तर म्हणून त्यांनी देवाचे नाव कपाळावर, गालांवर, छातीवर, हातापायांवर लिहून घेतले. एकदा नव्हे, शेकडो वेळा. ‘राम राम राम’ अशा ओळीच्या ओळी. या लोकांना रामनामी म्हणतात.

शेजारचाच मुलूख

रामनामी राहतात छत्तीसगडमध्ये, महानदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत. हा मुलूख आपल्याला परका नाही. आपल्या गोंदिया जिल्ह्याची शीव ओलांडली की छत्तीसगड लागतो. 1861 पासून 1956 पर्यंत या भागाचा कारभार नागपुरातून चालत असे. आज ते वेगळे राज्य आहे, 1 नोव्हेंबर 2000 रोजी झालेले. गोंदिया-भंडाऱ्यासारखेच तिथेही मुख्य पीक धानाचे. रोवणी, कापणी, मळणी, आणि पाऊस ओढ धरून बसला की आभाळाकडे लागलेले डोळे. रामनामी कुटुंबेही बहुतेक याच वर्गातली, लहान शेतकरी आणि शेतमजूर.

जातीने ते चामड्याचे काम करणाऱ्या समाजातले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्या वाट्याला काय येत असे, ते आपल्या गावांचा इतिहास ठाऊक असलेल्यांना सांगायला नको. पाणवठा वेगळा, वस्ती वेगळी, आणि देवळाच्या पायरीलाही स्पर्श नाही. याच समाजात आधी गुरू घासीदास होऊन गेले. जन्म 1756 चा. सर्व माणसे सारखी, मूर्तीला मान तुकवायची गरज नाही, खऱ्या नामाला धरा, असे त्यांनी शिकवले. त्यातून सतनामी पंथ उभा राहिला. त्यानंतर काही दशकांनी त्याच मातीत रामनामी उगवले.

दार बंद, मग कपाळ उघडे

1890 च्या दशकात चारपारा नावाच्या गावी परशुराम नावाचा एक माणूस होता. देवळात जायला बंदी, म्हणून त्याने कपाळावर रामाचे नाव गोंदवून घेतले, असे सांगतात. दुसरी कथा अशी की तो मोठ्या दुखण्यातून उठला आणि त्याच्या छातीवर रामनाम उमटलेले दिसले. कथा कोणतीही धरा, पुढे घडले ते एकच. त्याचे पाहून शेजारच्यांनी गोंदवले, मग नातेवाइकांनी, मग गावोगावी.

यातला अर्थ ध्यानात घ्या. देवळाला कुलूप लावता येते. पोथी हिसकावून घेता येते. मूर्तीपासून माणसाला दहा हात लांब उभे करता येते. पण ज्याच्या कातडीतच नाव आहे, त्याच्यापासून ते नाव कोण काढून घेणार? ज्या अंगाचा स्पर्श विटाळाचा मानला, त्याच अंगाचे त्यांनी देऊळ केले.

वरच्या जातीच्या काही लोकांना हे खपले नाही. मारहाण झाली, धमक्या झाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रकरण न्यायालयात गेले आणि रामाचे नाव सर्वांचे आहे असा निकाल लागला, असे रामनामी आजही अभिमानाने सांगतात.

त्यांचा राम म्हणजे अयोध्येचा राजा नव्हे. तो निर्गुण, घटाघटांत भरलेला. म्हणून त्यांना देऊळ लागत नाही, मूर्ती लागत नाही, पुजारी लागत नाही. तुलसीदासांच्या रामचरितमानसातल्या चौपाया ते गातात, पण निवडून. जिथे जातीचा मोठेपणा गायला आहे, तिथल्या ओळी ते बाजूला ठेवतात. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते, त्यांनीही शेकडो चौपाया पाठ केल्या, आणि कोणती घ्यायची, कोणती सोडायची, हे स्वतःच्या बुद्धीने ठरवले. अडाणी म्हणून हिणवलेल्या माणसांचा हा विवेक आहे.

काजळी आणि सुई

गोंदणाचे साहित्य म्हणाल तर अगदी घरातले. रॉकेलच्या दिव्यावर धरलेली काजळी, थोडे पाणी, आणि लाकडी दांडीत बसवलेल्या सुया. गोंदणारा समाजातलाच. सगळे अंग काही एका बैठकीत होत नाही. आज कपाळ, पुढे कधी हात, मग पाठ. प्रत्येक अक्षराला टोचणी आणि प्रत्येक टोचणीला कळ. कपाळावर एक-दोन नावे असलेला, सारे कपाळ भरलेला आणि डोक्यापासून पायापर्यंत गोंदलेला, अशी त्यांच्यात वेगवेगळी नावे आहेत. नखशिखांत गोंदलेल्याला ‘नखशिख’ म्हणतात. पापण्यांवरही नाव असलेली माणसे त्यांच्यात झाली.

तुम्ही विचाराल, कातडी रोज झडते, तर गोंदण पुसून कसे जात नाही? त्याचे कारण असे. झडतो तो कातडीचा वरचा थर. सुई काजळी नेऊन ठेवते त्याखालच्या थरात. तिथल्या राखण करणाऱ्या पेशी हे कण परके समजून गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाहीत. 2018 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की अशी पेशी मेली की तिने सांडलेले कण शेजारची नवी पेशी उचलून घेते. म्हणजे ओझे या हातातून त्या हातात जाते, पण जागा सोडत नाही. आणि काजळी काळी असूनही गोंदण हिरवे-निळे दिसते, कारण आपण ते कातडीच्या पडद्याआडून पाहत असतो.

कपाळावर लिहायचे कोणी?

आता एक जुनी गोष्ट सांगतो, म्हणजे रामनामींनी काय केले त्याचे मोल कळेल. कंपनी सरकारच्या काळात काही गुन्हेगारांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदत असत. हिंदीत गोंदणाला ‘गोदना’ म्हणतात, आणि या शिक्षेचेही नाव तेच पडले होते. ठगांच्या कपाळावर तर ‘ठग’ असेच कोरत. माणूस सुटून गावी आला तरी कपाळावरची अक्षरे सुटत नसत. मग तो फेटा कपाळावर ओढून घेई. 1849 साली ही शिक्षा बंद झाली.

तीच सुई, तीच काजळी, तेच कपाळ. एकीकडे सत्तेने दुसऱ्याच्या कपाळावर लिहिले आणि माणूस तोंड लपवू लागला. दुसरीकडे माणसाने स्वतःच्या कपाळावर स्वतः निवडलेले लिहिले आणि मान वर करून चालू लागला. अंगावर काय लिहिले याइतकेच ते कोणाच्या मर्जीने लिहिले, हेही महत्त्वाचे असते.

आपल्याकडचे बंद दरवाजे

रामनामींची गोष्ट ऐकताना आपल्याला आपले दरवाजे आठवायला हवेत. संत चोखोबांना पंढरीच्या देवळात पाऊल टाकता आले नाही. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे. आपल्या कितीतरी पिढ्या त्या समाधीला हात जोडून आत गेल्या, पण चोखोबांच्या भाऊबंदांना आत घेण्यासाठी साने गुरुजींना मे 1947 मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

आणि नाशिकचे काळाराम मंदिर. तेही रामाचेच. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला, तो काही वर्षे चालला, आणि दार उघडले नाही. पुढे ऑक्टोबर 1935 मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली.

एकाच अन्यायाला ही वेगवेगळी उत्तरे. चोखोबांनी दारातून अभंग गायले. रामनामींनी देव अंगावर घेतला. बाबासाहेबांनी हक्क मागितला आणि तो मिळेना तेव्हा ती वाटच सोडली. यातले कोणते उत्तर थोर, हे ठरवण्याचा अधिकार ज्यांनी दारे बंद ठेवली त्यांच्या वारसांना नाही. आपण एवढे मात्र पाहावे की आज आपल्या गावात असे दार कुठे उरले आहे का. देवळाचे उघडले असेल. पंगतीचे? विहिरीचे? स्मशानाचे?

पौषातला मेळा

धान घरात आले की पौष महिन्यात रामनामींचा तीन दिवसांचा मेळा भरतो. एक वर्ष महानदीच्या या काठावर, पुढच्या वर्षी त्या काठावर. मधोमध पांढरा स्तंभ असतो, त्यावरही रामनाम. माणसे रामनामाने भरलेली पांढरी ओढणी पांघरतात, डोक्यावर मोरपिसांचा मुकुट घालतात, पायात किंवा हातात घुंगरू. बायका आणि पुरुष एकत्र बसून गातात. गोंदण बायकांच्याही कपाळावर, पुरुषांच्याही. या मेळ्यात लग्ने लागतात, नवरा-नवरी त्या स्तंभाभोवती फेरे घेतात. दारू आणि मांस वर्ज्य, नित्य नामस्मरण, असे त्यांचे नियम. आपल्या वारकऱ्यांना यात पुष्कळ ओळखीचे वाटेल.

हौस करा, पण सुई सांभाळा

गोंदणाची हौस हल्ली आपल्याकडे पुन्हा आली आहे. जत्रेत यंत्र घेऊन बसलेला माणूस दिसतो आणि पोरे रांग लावतात. त्यांना चार गोष्टी आवर्जून सांगा.

एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर रक्तातून कावीळ आणि एड्ससारखे रोग जातात. सुई नवी, आपल्या डोळ्यांदेखत पाकीट फोडून काढलेली हवी, आणि रंगही दरवेळी नव्या वाटीत ओतलेला हवा. मधुमेह असेल, अंगावर खरूज-गजकर्ण असेल तर गोंदवू नये. गोंदल्यावर जागा सुजली, पू झाला, ताप आला तर हळद लावून वाट पाहू नका, दवाखाना गाठा. गोंदवल्यापासून वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणि लहान मुलांना गोंदवू नका. पूर्वी आपल्या मुलींना आठ-दहा वर्षांच्या असतानाच धरून गोंदत. रामनामींमध्येही तान्ह्या लेकराच्या अंगावर नाव घालण्याची चाल होती. प्रेमाने केले, श्रद्धेने केले, तरी ज्याचे अंग त्याला विचारले नव्हते. आज आपण थांबू शकतो. पोर मोठे होऊ दे, त्याचे त्याला ठरवू दे.

पुसट होत चाललेली अक्षरे

सगळे अंग गोंदलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत, आणि ती म्हातारी आहेत. त्यांची नातवंडे शाळा शिकली, कामाला शहरात गेली. भरलेला चेहरा घेऊन नोकरी मागायला गेले की लोक टक लावून बघतात, हसतात. म्हणून पोरे दंडावर किंवा मनगटावर एखादे नाव घेतात, कोणी घेतच नाहीत. म्हाताऱ्यांना याची हळहळ वाटते.

पण दुसऱ्या बाजूनेही पाहा. 1950 साली घटनेने अस्पृश्यता रद्द केली, 1955 साली ती पाळणे हा गुन्हा ठरला. जे सांगण्यासाठी आजोबांना कातडी टोचून घ्यावी लागली, ते आता कायद्याच्या पुस्तकात लिहिले आहे. नातवाच्या कपाळावर अक्षर नसले तरी चालेल, अशी वेळ यावी म्हणूनच तर आजोबांनी ती कळ सोसली असेल.

ती वेळ पुरती आली का, याचा जबाब मात्र छत्तीसगडातल्या गावांनी द्यायचा तसा आपल्याही गावांनी द्यायचा आहे. पुस्तकातले कलम कपाळावरच्या गोंदणासारखे आपोआप टिकत नाही. ते गावाने रोज पाळावे लागते, पाणवठ्यावर, पंगतीत आणि सोयरीक जुळवताना.