लाइट गेल्यावर – भाग ६ : इन्व्हर्टर असताना यूपीएस कशाला?

व्हीए आणि वॉट यांचा हिशोब आज मांडणार होतो. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण बार्शीहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न चार दिवस डोक्यातून जाईना.

त्या घरून हिशेब लिहिण्याची कामं करतात. टेबलावर डेस्कटॉप, घराला इन्व्हर्टर, त्याला दीडशे एएचची ट्यूब्युलर बॅटरी. त्या विचारतात, ‘तुम्ही सांगता त्या यूपीएसमध्ये सात एएचची चिमुकली बॅटरी असते. माझ्याकडे तिच्या वीसपट मोठी आहे. मग आणखी तीन-चार हजार कशाला घालू?’ खरी मेख पत्राच्या शेवटी आहे. ‘लाइट गेली की कॉम्प्युटर कधी तसाच चालू राहतो, तर कधी बंद होऊन पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टरवाला म्हणतो कॉम्प्युटरमध्ये दोष आहे, कॉम्प्युटरवाला म्हणतो इन्व्हर्टरमध्ये.’

बाई, दोन्ही वस्तू धडधाकट आहेत. ‘कधी राहतो, कधी जातो’ याचं उत्तर फार सुंदर आहे, आणि ते कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, एसएमपीएसच्या पत्र्याच्या डब्यात आहे.

तो डबा मी पुष्कळदा उघडला आहे. तुम्ही उघडू नका. वायर काढल्यावरही आत झटका देण्याइतकी वीज उरलेली असते. आत धुळीच्या थराखाली अंगठ्याएवढे दोन काळे कपॅसिटर शेजारी शेजारी उभे असतात. ते म्हणजे कॉम्प्युटरची गच्चीवरची टाकी. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, एकेक हेलकावा २० मिलिसेकंदांचा. प्रत्येक हेलकाव्याच्या माथ्यावर ही टाकी भरून घेते आणि मधल्या वेळेत कॉम्प्युटर तिच्यातून पितो. म्हणजे लाइट गेल्यावरसुद्धा क्षणभर कॉम्प्युटरला काही कळत नाही. टाकीत पाणी असतं.

हा क्षण केवढा? साध्या, जुन्या धाटणीच्या एसएमपीएसचा हिशोब करू. भिंतीत २३० व्होल्ट असतात तेव्हा हेलकाव्याचा माथा ३२५ व्होल्टवर पोचतो, आणि टाकी तिथवर भरते. टाकीचा नळ मात्र तळाशी नसतो, थोडा वर असतो. समजा २३० व्होल्टच्या खाली उतरल्यावर नळाला पाणी येणं थांबतं. दोन कपॅसिटर मिळून ३४० मायक्रोफॅरड धरले, तर वापरता येणारी वीज भरते जेमतेम ९ ज्यूल. कॅबिनेट १५० वॉट ओढत असेल, तर ती ६० मिलिसेकंद पुरते.

आता संध्याकाळचे सात वाजले आहेत, गल्लीतल्या सगळ्या मोटारी चालू आहेत आणि भिंतीत २३० ऐवजी १८० व्होल्टच येताहेत, असं धरा. माथा २५५ वर आला. टाकी नळाच्या जरा वरपर्यंतच भरली. वापरण्याजोगे उरले २ ज्यूल. तोच कॉम्प्युटर, तेच १५० वॉट, आणि वेळ मिळाला फक्त १३ मिलिसेकंद! व्होल्टेज चौथा हिस्सासुद्धा घटलं नाही आणि सवड चौथ्या हिश्शापेक्षा कमी उरली. हा आकडा पहिल्यांदा कागदावर उतरला, तेव्हा मी तीनदा गुणाकार तपासला होता.

आता इन्व्हर्टरकडे या. लाइट गेल्यावर त्याला आधी ती गेली आहे याची खात्री करावी लागते, मग रिलेची पट्टी एका बाजूची दुसऱ्या बाजूला आपटते. रिलेचा ‘टक्’ पटकन होतो. वेळ जातो तो खात्री करण्यात. घरगुती इन्व्हर्टर नेहमीच्या मोडवर असेल तर सगळं मिळून २० ते ४० मिलिसेकंद सहज लागतात. पंख्याला आणि दिव्याला त्याचं काहीच नाही. कॉम्प्युटरजवळ मात्र दुपारी ६० मिलिसेकंद होते, म्हणून तो तरला. संध्याकाळी १३ होते, म्हणून गेला. त्यात तो नुसताच उघडा आहे की जोरात कामाला लागलाय, यावर भार निम्म्याने इकडेतिकडे होतो. बार्शीच्या ‘कधी’ आणि ‘कधी’चा हा उलगडा.

यावर इन्व्हर्टरवाले एक उपाय सांगतात, आणि तो चुकीचा नाही. बहुतेक इन्व्हर्टरवर एक छोटी कळ असते. तिच्या एका बाजूला ‘यूपीएस’ लिहिलेलं असतं, दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’. ती यूपीएसकडे केली की बदलाची वेळ दहा-पंधरा मिलिसेकंदांवर येते. शिवाय नॉर्मलवर इन्व्हर्टर साधारण १०० व्होल्टपर्यंत पडलेली वीजसुद्धा तशीच पुढे सोडतो. यूपीएसवर १८०च्या आसपासच ती नाकारतो आणि बॅटरीवर जातो. शहरात, जिथे व्होल्टेज स्थिर असतं, तिथे ही कळ फिरवा आणि महिनाभर बघा. पुष्कळांचं काम तेवढ्यावर भागतं.

पण जिथे रोज संध्याकाळी १७०च मिळतात, तिथे हाच उपाय उलटतो. लाइट असूनही अख्खं घर बॅटरीवर जातं, रात्री खरंच लाइट गेली की बॅटरी अर्धी झालेली असते. अशा घरात इन्व्हर्टर नॉर्मलवरच राहू द्यावा आणि कॉम्प्युटरच्या टेबलाखाली ६०० व्हीएचा साधा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस ठेवावा. त्याच्या आत व्होल्टेज उचलणारा एव्हीआर असतो. १४० ते ३०० व्होल्टच्या टापूत तो बॅटरीला हात न लावता काम चालवतो आणि लाइट गेल्यावर काही मिलिसेकंदांत धावून येतो. पुढच्या क्षणी इन्व्हर्टर जागा होतो, यूपीएसला पुन्हा वीज मिळते आणि तो बाजूला होतो. सात एएचच्या बॅटरीला फक्त तेवढी फट बुजवायची असते. तिथून पुढचे तास तुमची दीडशेची बॅटरी ओढते. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे: इन्व्हर्टर आहे, म्हणूनच यूपीएस लहानात लहान घेतला तरी चालतो, पण घ्यावा लागतो.

मात्र एक अट आहे, आणि ती मला मंगळवेढ्यात कळली. लोडशेडिंग ऐन भरात होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या सांगण्यावरून मावसभावाने यूपीएस आणला आणि इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडला. लाइट गेली, इन्व्हर्टर लागला, डोक्यावरचा पंखा घरघरायला लागला. यूपीएस मात्र थांबेना. टक्, बीप. टक्, बीप. दहा-बारा मिनिटांनी बीप सलग झाली आणि कॉम्प्युटर गेला, इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली असताना! मी कागद घेऊन तिथेच जमिनीवर बसलो आणि पुढच्या लोडशेडिंगला ते टक्-टक् मोजत राहिलो. तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा होता. त्याच्या चौकोनी लाटेला यूपीएस वीज मानायलाच तयार नव्हता. पट्टी तिकडे जायची, यूपीएस लाट तपासायचा, नाकारायचा, पट्टी परत. त्या धावपळीत त्याची स्वतःची बॅटरी संपायची. दुसऱ्या दिवशी शेजारच्या साइन वेव्ह इन्व्हर्टरवरून वायर ओढून तोच यूपीएस लावला. एकच टक् झाला, आणि मग शांतता.

तुमचा इन्व्हर्टर कुठला, हे ओळखायला मीटर नको. त्याच्यावर चालताना पंखा नेहमीपेक्षा वेगळा, घरघरत वाजत असेल, तर तो बहुधा स्क्वेअर वेव्ह. पंख्यात फरकच कळत नसेल, तर साइन. स्क्वेअर असेल तर यूपीएस घेण्याआधी दुकानदाराकडून घरी आणून जोडून बघा; काही यूपीएस चालवून घेतात, काही नाही. एसएमपीएस नवा, ‘अ‍ॅक्टिव्ह पीएफसी’ लिहिलेला असेल, तर स्क्वेअर वेव्हच्या वाटेला जाऊच नका. त्याबद्दल एक अख्खा भाग होईल.

आणि राउटर विसरू नका. कॉम्प्युटर तगला आणि राउटर पुन्हा सुरू व्हायला दोन मिनिटं लागली, तर मीटिंग गेलीच. तो दहा-बारा वॉटांचा जीव आहे, यूपीएसच्या मागच्या सॉकेटवर सहज बसतो. लेझर प्रिंटर मात्र तिथे कधीही नको.

बाई, काही विकत घेण्याआधी एक करा. फायली सेव्ह करा, कामं बंद करा आणि कॉम्प्युटरवर एखादा व्हिडिओ लावा. मग घरातल्या कुणाला तरी मेन एमसीबी खाली करायला सांगा. एकदा करून थांबू नका. वीज हेलकाव्याच्या कुठल्या टप्प्यावर तुटली यावरही निकाल बदलतो, म्हणून मधे दोन-दोन मिनिटं सोडून पाच वेळा करा. दुपारी पाच आणि संध्याकाळी, मोटारी चालू असताना, पाच. त्या-त्या वेळी भिंतीत किती व्होल्ट होते ते स्टॅबिलायझरच्या काट्यावर बघून शेजारी लिहा. तो कागद मला पाठवा. पुढच्या आठवड्यात व्हीए आणि वॉट काढायला बसू, तेव्हा सुरुवात त्यावरच्या आकड्यांनी करू.