डोक्यातलं पाणी आणि शाहजहांपूरची नळी

‘पुतणीच्या चार महिन्यांच्या बाळाच्या डोक्यात पाणी झालंय. एक डॉक्टर म्हणतात नळी घालू, दुसरे म्हणतात दुर्बिणीतून करू. दुर्बिणीचं नवीन आहे, तर तेच करावं ना?’ असं एका वाचक आजींनी विचारलं होतं. त्यांच्याशी लगेच फोनवर बोललो, पण त्यांच्या प्रश्नातला ‘नवीन’ हा शब्द काही पाठ सोडेना. कारण या आजारात नवीन उपायच आजच्या नळीपेक्षा तीसेक वर्षांनी जुना आहे.

मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. मोठ्या माणसात तिथे दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि एका वेळी डोक्यात नि कण्यात मिळून असतं जेमतेम दीडशे मिलिलिटर. म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदलतं. जायची वाट तुंबली, तरी वरचा नळ चालूच राहतो. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडं अजून सांधलेली नसतात, त्यामुळे डोकंच वाढत जातं. टाळू ताठ होते, कपाळावरच्या शिरा फुगतात आणि बुबुळं खालच्या पापणीआड अर्धी बुडतात. डॉक्टर मंडळी याला मावळत्या सूर्याची उपमा देतात. हे इतकं काव्यमय नाव इतक्या वाईट लक्षणाला कोणी दिलं असेल, असं दर वेळी मनात येतं.

मोरी तुंबली तर तीन गोष्टी करता येतात. दुसरा पाइप टाकून पाणी भलतीकडे सोडायचं, भिंतीला भोक पाडून ते पलीकडच्या गटारात काढायचं किंवा नळ बारीक करायचा. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी दुर्बिणीने झाल्या. 1910 मध्ये शिकागोच्या लेस्पिनास यांनी दोन बाळांच्या मेंदूत दुर्बीण घातली आणि पाणी तयार करणारा जाळीदार भाग जाळला. हे गृहस्थ मूत्रविकारतज्ज्ञ होते आणि दुर्बीणही मूत्राशय तपासायचीच होती! एक बाळ लगेच दगावलं, दुसरं पाचेक वर्षं जगलं. 1923 मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर यांनी मूत्रमार्गाच्याच दुर्बिणीने तिसऱ्या पोकळीच्या तळाला भोक पाडून पाण्याला वाट करून दिली. पण उजेड अंधूक आणि भिंगं भरड, त्यामुळे ही वाट पुढे फारशी कोणी चालली नाही.

मग पाइपचं जमलं, आणि ते जमवलं एका कुलूप कारखान्यातल्या कारागिराने. फिलाडेल्फियाच्या जॉन होल्टर यांच्या मुलाला, केसीला, 1955 मध्ये जन्मतःच कण्याचा दोष होता आणि त्यापाठोपाठ डोक्यात पाणी झालं. नळी घालता येत होती, अडचण झडपेची होती. पाणी एकाच दिशेने जायला हवं, तेही ठरावीक दाब आल्यावरच. मुलाच्या खाटेशी बसलेल्या होल्टर यांना एक गोष्ट दिसली. नर्स सलाइनच्या रबरी तुकड्यात सुई खुपसते, काढून घेते आणि तिथून थेंबही गळत नाही. रबराची चीर आपणहून मिटते, आतून पुरेसा दाब आला तरच उघडते. हीच झडप! घरच्या गॅरेजात त्यांनी ती बनवली. रबर निर्जंतुक करताना टिकेना, म्हणून सिलिकोन वापरलं. 1956 मध्ये डॉ. स्पिट्झ यांनी ती पहिल्यांदा बसवली, पण दुसऱ्याच एका बाळाला. केसीची तब्येत तेव्हा तेवढी बरी नव्हती. तो पाच वर्षांचा होऊन गेला. त्याच्या बापाच्या झडपेने मात्र जगभरची हजारो मुलं जगली आणि दुर्बीण कपाटात गेली.

नळीची खोड एकच, ती तुंबते. श्रीमंत देशांतही निम्म्याच्या आसपास नळ्या दोन वर्षांत बिघडतात. तिथे आईबाप रात्री गाडी काढतात आणि सकाळपर्यंत नळी बदललेली असते. पूर्व युगांडातल्या खेड्यात ही गाडी नसते. अमेरिकी न्यूरोसर्जन बेंजामिन वॉर्फ 2000 मध्ये तिकडे गेले आणि एल्गॉन डोंगराच्या पायथ्याशी, म्बाले गावातल्या मुलांच्या रुग्णालयात काम करू लागले. देशात तेव्हा न्यूरोसर्जन मोजकेच आणि तेही राजधानीत. तुंबलेल्या नळीचं मूल दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं, मग नळी घालून घरी धाडलेलं मूल वाचलं असं म्हणायचं का? वॉर्फ यांनी मिक्स्टरचं भोक आणि लेस्पिनासचं जाळणं एकत्र केलं, तेही हवं तिकडे वळवता येणाऱ्या एका लवचीक दुर्बिणीतून. वर्षाच्या आतल्या बाळांत नुसत्या भोकाने 47 टक्क्यांना गुण येत होता, दोन्ही केल्यावर 66 टक्क्यांना.

या कामासाठी वॉर्फ यांचं रास्त कौतुक झालं. 2012 मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिपही मिळाली. पण मला त्यांचं दुसरं, फारसं न गाजलेलं काम जास्त आवडतं. ज्यांना नळीवाचून गत्यंतर नव्हतं अशा 195 मुलांत त्यांनी दोन नळ्या तोलून पाहिल्या. एक अमेरिकी, किंमत साडेसहाशे डॉलर. दुसरी पस्तीस डॉलरची, उत्तर प्रदेशातल्या शाहजहांपूरची. हो, बिस्मिल आणि अशफाकउल्ला यांचंच गाव. लखनौचे न्यूरोसर्जन डॉ. छाब्रा यांच्या नावाने ही नळी ओळखली जाते आणि तिची झडप म्हणजे पुन्हा सिलिकोनला दिलेली चीर, जोडीला एक स्प्रिंग. वर्षभरानंतर दोन्हींच्या निकालात दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. 2005 मध्ये हे छापून आलं. अठरापट किमतीत नेमकं काय विकत घेतलं जातं, हा प्रश्न त्यानंतर जेवढ्या मोठ्याने विचारला जायला हवा होता, तेवढा मला तरी ऐकू आलेला नाही.

दुर्बिणीचा गवगवाही तपासूनच घ्यावा. म्बालेतच जंतुसंसर्गानंतर पाणी झालेल्या, सहा महिन्यांच्या आतल्या 100 बाळांत नळी विरुद्ध दुर्बीण अशी सरळ तुलना झाली आणि 2017 मध्ये निकाल आला. वर्षाअखेर बुद्धीच्या वाढीत फरक नाही. उपाय फसण्याचं प्रमाण दुर्बिणीत 35 टक्के, नळीत 24, आणि एवढ्या थोड्या मुलांत हा फरकही ठामपणे धरता येत नाही. म्हणजे कोणी जिंकलं नाही. फक्त ज्या मुलाला दुर्बिणीने गुण आला, त्याला जन्मभर नळी तुंबण्याची धास्ती नाही, आणि हॉस्पिटल दूर असेल तर हे खूप झालं.

‘जंतुसंसर्गानंतर’ हा शब्द मी सहज लिहिला, पण त्यामागेही म्बालेचीच एक गोष्ट आहे. तिथल्या निम्म्याहून अधिक मुलांचा आजार जन्मजात नव्हताच. पहिल्या महिन्यात ताप, आकडी आणि मग हळूहळू मोठं होत जाणारं डोकं. नेहमीच्या तपासणीत जंतू काही सापडेना. रुग्णांची संख्या पावसासोबत वरखाली होते, हे संशोधक स्टीव्हन शिफ यांच्या चमूने दाखवलं. पुढे 2020 मध्ये मुलांच्या डोक्यातल्या पाण्यात सापडलेल्या जनुकांवरून एक जंतू हाती लागला, पेनिबॅसिलस. झडपा आणि दुर्बिणींच्या शंभर वर्षांच्या या हकिगतीत मोरी तुंबवतं कोण, हे विचारायला इतका उशीर झाला.

आजींना फोनवर एवढंच सांगितलं, की नवं-जुनं सोडा. पाणी कशामुळे झालं हे आधी डॉक्टरांना विचारा, कारण चार महिन्यांच्या बाळात दुर्बीण चालेल की नाही हे बरंचसं त्यावर ठरतं. दर आठवड्याला टेपने डोक्याचा घेर मोजून कॅलेंडरवर लिहा. आणि नळी बसलीच, तर बाळ वांत्या करू लागलं, सुस्तावलं किंवा रडत नसतानाही टाळू ताठ लागली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. जवळचं न्यूरोसर्जरीचं हॉस्पिटल किती लांब आहे, असं मी विचारलं. फोनवर जरा वेळ शांतता झाली आणि मग मागे कुणाला तरी त्या म्हणाल्या, ‘अरे, एसटीने किती वेळ लागतो रे?’